सुपरनोव्हात कोणतं मूलद्रव्य किती तयार झालं, हे मोजतात कसं?

मृगशीर्ष

‘सुपरनोव्हा १९८७अ’ या ताऱ्याच्या स्फोटात ०.०७ सूर्य, म्हणजे सूर्याच्या वस्तुमानाच्या ०.०७ पट, इतकं निकेल तयार झालं, हे वाक्य मी आजवर कितीतरी ठिकाणी वाचलं आहे. दर वेळी वाचून पुढे जायचो. या वेळी मात्र तिथेच अडलो. तारा फुटला १,६८,००० प्रकाशवर्षं दूर, मोठ्या मॅगेलन मेघ या शेजारच्या छोट्या दीर्घिकेत. तिथली चिमूटभर राखसुद्धा कुणाच्या हाती आलेली नाही. मग ०.०५ नाही, ०.१० नाही, ०.०७ हेच कसं ठरलं?

चार संध्याकाळी वही घेऊन बसलो तेव्हा उत्तर हाती लागलं, आणि ते इतकं सरळ निघालं की इथे मांडल्यावाचून राहवत नाही. कुठे चुकलो असेन तर दुरुस्त करा. निकेलपलीकडच्या मूलद्रव्यांचं काय करतात हेही जाणकारांनी सांगावं, माझी मजल तिथपर्यंत गेलेली नाही.

फुटलेला तारा होता सँडुलिक −६९ २०२, एक निळा महाराक्षसी तारा, सूर्याच्या साधारण २० पट वस्तुमानाचा. २३ फेब्रुवारी १९८७ रोजी त्याचा गाभा कोसळला. त्या वेळी सुटलेले न्यूट्रिनो, म्हणजे पदार्थातून जवळजवळ अडथळ्याविना आरपार जाणारे कण, जपानमधल्या कामिओकांडे आणि अमेरिकेतल्या आयएमबी या प्रयोगांच्या पाण्याच्या टाक्यांत टिपले गेले, म्हणून घड्याळ नेमकं शून्यावर लावता आलं. पुढच्या गणितात ‘स्फोटानंतर कितवा दिवस’ हे लागतं, त्यामुळे ही नोंद फार मोलाची.

आता प्रकाशवक्र. आडव्या अक्षावर दिवस आणि उभ्या अक्षावर तेजस्विता घेऊन मी बिंदू लॉग कागदावर मांडले. मे महिन्यापर्यंत तेज वाढत जातं, मग उतरू लागतं, आणि साधारण १२५ व्या दिवसापासून पट्टी लावून ओढल्यासारखी सरळ रेघ मिळते. उतरण दर १०० दिवसांना ०.९८ प्रत (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप, एका प्रतीला सुमारे अडीच पट फरक). लॉग कागदावर सरळ रेघ म्हणजे ठरावीक काळात ठरावीक पट घट, म्हणजेच किरणोत्सार. उताराचं माप काढलं की अर्धायू, म्हणजे द्रव्य निम्मं व्हायला लागणारा काळ, ७७ दिवसांचा येतो. हा कोबाल्ट-५६ चा अर्धायू आहे. स्फोटात बनतं निकेल-५६, ते ६ दिवसांच्या अर्धायूने कोबाल्ट-५६ होतं आणि कोबाल्टचं शेवटी स्थिर लोह-५६.

रेघेचा उतार सांगतो द्रव्य कोणतं आणि रेघेची उंची सांगते ते किती आहे. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच.

उंचीचं गणित असं. समजा, पूर्ण एका सूर्याएवढं कोबाल्ट-५६ आहे, म्हणजे २×१०^३३ ग्रॅम. ५६ ने भागून अ‍ॅव्होगॅड्रो संख्येने गुणलं की २.१×१०^५५ अणू. सरासरी आयुष्य १११ दिवस, म्हणजे ९.६×१०^६ सेकंद. तेव्हा सुरुवातीला दर सेकंदाला २.२×१०^४८ अणू फुटणार. न्यूट्रिनोंबरोबर निघून जाणारी ऊर्जा सोडली तर प्रत्येक अणूमागे सुमारे ३.७ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे ६×१०^−६ अर्ग (अर्ग हे ऊर्जेचं एकक) मिळतात. गुणाकार १.३×१०^४३ अर्ग प्रतिसेकंद. सूर्याच्या भाषेत जवळजवळ ३४७ कोटी सूर्यांचा उजेड. पण कोबाल्ट पहिल्या क्षणाला तयार नसतं, ते निकेलमधून येतं. तो हिशोब धरला की आकडा सुमारे ८.६ टक्क्यांनी वाढतो आणि ३७७ कोटी होतो.

१५० व्या दिवशी यातलं e^(−१५०/१११), म्हणजे ०.२६ उरतं. एका सूर्याएवढ्या निकेलमागे ९८ कोटी सूर्यांचा उजेड. त्या दिवशी प्रत्यक्षात, सगळ्या तरंगलांबींची बेरीज करून, सुमारे ७ कोटी सूर्यांचा उजेड मोजला गेला. ७ भागिले ९८. ०.०७.

०.०७ सूर्य म्हणजे २३,००० पृथ्व्यांच्या वजनाचं लोह, एका ताऱ्यातून.

संख्यारेषा

धागा फार आवडला. लगेच स्वतः करून पाहिलं, पण माझं उत्तर ०.०९८ येतंय. १५० दिवस, उजेड ७ कोटी, सगळं तुमचंच घेतलं. फक्त सरासरी आयुष्याच्या जागी ७७ दिवस घेतले, कारण अर्धायू तोच आहे. निकेलची दुरुस्ती सोडून दिली. ०.०७ आणि ०.१ मधला फरक फक्त त्या ८.६ टक्क्यांचा नसणार.

मृगशीर्ष

नाही, तो ७७ चाच परिणाम आहे. e चा घात घेताना सरासरी आयुष्य घ्यावं लागतं, म्हणजे अर्धायू भागिले ०.६९३. ७७.२ ला भागलं की १११ येतं. अर्धायू वापरायचा असेल तर e ऐवजी २ चा घात घ्या. शिवाय दर सेकंदाला किती अणू फुटतात, त्या पायरीतही तुम्ही ७७ घेतलं असणार, म्हणून सुरुवातीचा उजेड जास्त आणि घसरण फार जलद झाली. दोन चुका एकमेकींना थोड्या सावरतात, म्हणून उत्तर ०.१ च्या आसपास थांबलं, नाहीतर आणखी लांब गेलं असतं.

स्वाती_तारा

एक मूलभूत शंका. सगळ्यात घट्ट बांधलेल्या अणुकेंद्रकांत लोह-५६ ची गणना होते असं शाळेपासून ऐकलंय. मग स्फोटात थेट लोहच का बनत नाही? निकेल, मग कोबाल्ट, मग लोह असा वळसा कशासाठी?

गर्भाग्नी

स्वाती, प्रश्न अगदी मर्मावरचा आहे. उत्तर जरा लांबेल.

जे द्रव्य जळतं, म्हणजे ज्याची अणुकेंद्रकं जुळून जड केंद्रकं बनतात, ते मुख्यतः सिलिकॉन आणि ऑक्सिजन. सिलिकॉन-२८ मध्ये १४ प्रोटॉन, १४ न्यूट्रॉन. ऑक्सिजन-१६ मध्ये ८ आणि ८. दोन्हींत बरोबरी. लोह-५६ मध्ये मात्र २६ प्रोटॉन आणि ३० न्यूट्रॉन लागतात. म्हणजे काही प्रोटॉनांचे न्यूट्रॉन व्हायला हवेत, आणि ते काम दुर्बल आंतरक्रियेचं, म्हणजे अणुकेंद्रकात असा बदल घडवणाऱ्या बलाचं. ती फार सावकाश चालते. धक्कालाट येऊन द्रव्य तापतं आणि पसरून पुन्हा थंड होतं, एवढं सगळं सेकंदाच्या आसपास उरकतं. तेवढ्या वेळात प्रोटॉन आणि न्यूट्रॉनांची मूळ संख्या बदलत नाही. बरोबरीच्या संख्येत सर्वांत घट्ट केंद्रक मिळतं ते निकेल-५६, २८ आणि २८. दुर्बल आंतरक्रिया आपलं काम नंतर दिवसा-महिन्यांच्या सवडीने करते, आणि त्या सवडीमुळेच मृगशीर्ष यांना लॉग कागदावर सरळ रेघ मिळाली.

आता मृगशीर्ष यांच्या आकड्याकडे दुसऱ्या टोकाने येतो. त्यांनी उजेडावरून निकेल काढलं. ताऱ्याच्या आतून सुरुवात करूनही ते काढता येतं.

धक्कालाटेमागचा भाग इतका तप्त असतो की तिथली जवळपास सगळी ऊर्जा प्रारणाच्या रूपात असते. तेव्हा स्फोटाची ऊर्जा = गोलाचं घनफळ × प्रारण स्थिरांक × तापमानाचा चौथा घात. ऊर्जा १०^५१ अर्ग घ्या, गाभा कोसळणाऱ्या सुपरनोव्हाचं नेहमीचं माप तेच आहे. सिलिकॉनचं पूर्ण निकेल व्हायला ५०० कोटी केल्विनच्या वर तापमान लागतं. समीकरणात घालून त्रिज्या काढा, ३,७०० किलोमीटर येते. वीस सूर्यांचा तारा, आणि त्याचं निकेल ठरतं पृथ्वीहून लहान गोलात!

तीच युक्ती पुढे चालवायची. ४०० कोटी केल्विनपर्यंत सिलिकॉन अर्धवट जळतं, तिथे गंधक, अरगॉन, कॅल्शियम उरतात. ती सीमा ४,९८० किलोमीटरवर येते. ३३० कोटींपर्यंत ऑक्सिजन जळतो, सीमा ६,४३० किलोमीटर. २१० कोटींपर्यंत निऑन आणि कार्बन, सीमा ११,७५० किलोमीटर. त्याबाहेरच्या थरांना स्फोट जवळजवळ हात लावत नाही. तिथलं ऑक्सिजन, कार्बन, हेलियम ताऱ्याने हयातीतच शिजवून ठेवलेलं असतं, स्फोट ते फक्त उधळतो.

स्फोटापूर्वीच्या ताऱ्यात कोणत्या त्रिज्येच्या आत किती वस्तुमान आहे हे प्रतिरूपातून, म्हणजे ताऱ्याच्या गणिती मॉडेलमधून, मिळतं. त्यातून निकेल असं: ३,७०० किलोमीटरच्या आतलं वस्तुमान, वजा न्यूट्रॉन ताऱ्यात, म्हणजे कोसळलेल्या गाभ्याच्या उरलेल्या घट्ट गोळ्यात, गडप झालेलं. ही जी कापण्याची जागा, तिला ‘वस्तुमान-छेद’ म्हणू. समजा, आत १.७० सूर्य आहेत आणि छेद १.६३ वर आहे. उरले ०.०७. छेद १.६५ वर सरकला तर उरतात ०.०५. छेदात सव्वा टक्क्याचा फरक आणि निकेलमध्ये जवळपास तीस टक्क्यांचा.

इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की जुन्या, गोल सममित प्रतिरूपांत छेद कुठे घ्यायचा हे भौतिकीतून निघत नव्हतं. निरीक्षणातलं ०.०७ जुळेल असा छेद निवडत. म्हणून अशा तक्त्यांतलं निकेल हे भाकीत समजू नका, तो तक्त्याला दिलेला टेकू आहे. सिलिकॉन, मॅग्नेशियम, ऑक्सिजन यांच्या बाबतीत मात्र ते खरोखर काही सांगतात, कारण ही द्रव्यं छेदापासून दूर बनतात.

संख्यारेषा

३,७०० पडताळून पाहिलं, बरोबर येतं. ऊर्जा दुप्पट केली की त्रिज्या फक्त १.२६ पट होते, म्हणजे ४,६६० किलोमीटर. घनमूळ असल्यामुळे ऊर्जेतली चूक इथे फार छळत नाही.

गर्भाग्नी, पण मृगशीर्ष यांच्या पद्धतीत एक गृहीतक दडलंय ना? कोबाल्टमधून निघालेली सगळी ऊर्जा आतच शोषली जाऊन उजेड बनते, असं. गॅमा किरण परस्पर बाहेर पडले तर?

गर्भाग्नी

पडतातच. आणि ते पकडले गेले, हे फार छान झालं.

कोबाल्ट-५६ ची सर्वांत ठळक गॅमा रेषा ८४७ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टची. सोलर मॅक्झिमम मिशन हा उपग्रह खरं तर सूर्य पाहण्यासाठी सोडलेला, पण त्याला ही रेषा १९८७ सालातच दिसली. अपेक्षेपेक्षा बरीच लवकर. अपेक्षा अशी होती की निकेल तळाशी आहे, वर कित्येक सूर्यांचं आवरण आहे, ते पुरेसं विरळ व्हायला वेळ लागेल. लवकर दिसली याचा अर्थ निकेलचे काही गोळे ढवळून वरच्या थरांत आले होते. कांद्याच्या पाकळ्यांसारखे नीट थर कागदावर सोपे वाटतात, ताऱ्यात स्फोटाच्या वेळी ते एकमेकांत घुसतात.

१५० व्या दिवशी गळती नगण्य असते, म्हणून मृगशीर्ष यांचा दिवस चांगला निवडलेला आहे. पुढे गळती वाढत जाते आणि उजेड रेघेच्या खाली जाऊ लागतो.

श्वेत बटूच्या (इंधन संपलेल्या ताऱ्याच्या उरलेल्या छोट्या, घट्ट गाभ्याच्या) स्फोटात, म्हणजे १अ प्रकारच्या सुपरनोव्हात, वर जाड आवरण नसतं, त्यामुळे गळती लवकर सुरू होते. तिथे दुसरा नियम वापरतात, तो डेव्हिड आर्नेट यांनी १९८२ मध्ये मांडला: उजेड शिखरावर असतो त्या क्षणी बाहेर पडणारी ऊर्जा साधारण त्याच क्षणी किरणोत्सारातून मिळणाऱ्या ऊर्जेएवढी असते. म्हणजे शिखराची उंची मोजली की निकेल मिळालं. उत्तर येतं सुमारे ०.६ सूर्य. जानेवारी २०१४ मध्ये एम८२ दीर्घिकेत असा स्फोट दिसला, सव्वा कोटीहूनही कमी प्रकाशवर्षांवर, म्हणजे या प्रकारासाठी अगदी अंगणात. इंटिग्रल या उपग्रहाने त्यातल्या ८४७ आणि १,२३८ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या रेषा थेट मोजल्या. उजेड बाजूला ठेवून फक्त गॅमा किरणांवरून निकेल काढलं तरी ०.६ च्या आसपासच आलं. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला की मला त्या आकड्यावर खरा भरवसा वाटतो.

वर्णपट

निकेलचं चाललंय छान, पण वजनाने पाहिलं तर अशा स्फोटातून बाहेर पडणाऱ्या जड द्रव्यांत पहिला नंबर ऑक्सिजनचा. त्याच्यासाठी प्रकाशवक्र उपयोगी नाही, कारण ऑक्सिजन-१६ स्थिर आहे. तो वर्णपटातूनच मोजावा लागतो.

काही महिन्यांनी उधळलेलं द्रव्य विरळ होऊन पारदर्शक झालं की वर्णपटात ६३०० आणि ६३६४ अँगस्ट्रॉम तरंगलांबीवर ऑक्सिजनच्या दोन रेषा उठून दिसतात. त्यांची तीव्रता मोजायची आणि किती अणूंनी एवढा उजेड दिला हे काढायचं. ऐकायला सोपं आहे. अडचण अशी की अणू उजळण्याचं प्रमाण तापमानावर घातांकी रीतीने अवलंबून असतं. तापमान ४,००० ऐवजी ३,५०० केल्विन धरलं तर त्याच उजेडासाठी दुपटीहून जास्त ऑक्सिजन लागतो. माझ्या अनुभवात सगळ्या हिशोबाचा जीव या एका संख्येत अडकलेला असतो.

त्यावर निसर्गाने एक सोय ठेवली आहे. या दोन रेषा एकाच वरच्या पातळीतून निघतात. द्रव्य पारदर्शक असेल तर त्यांच्या तीव्रतेचं प्रमाण ३:१ असतं, अपारदर्शक असेल तर १:१ कडे जातं. १९८७अ मध्ये हे प्रमाण हळूहळू १:१ जवळून ३:१ कडे सरकताना दिसलं. त्या सरकण्यावरून ऑक्सिजनची घनता कळते, आणि घनता कळली की तापमानाचा जाच थोडा कमी होतो.

ऑक्सिजन मोजण्यामागे आणखी एक लोभ आहे. १५ सूर्यांचा तारा साधारण अर्धा ते पाऊण सूर्य ऑक्सिजन देतो, २५ सूर्यांचा तारा सुमारे ३ सूर्य. निकेलवरून मूळ तारा किती मोठा होता ते सांगता येत नाही, ऑक्सिजनवरून बऱ्यापैकी येतं.

स्वाती_तारा

गर्भाग्नी, उत्तर लख्ख कळलं, मनापासून आभार. आणखी एक विचारते. ‘आपल्या अंगावरचं सोनं सुपरनोव्हात बनलं’ असं सगळीकडे म्हणतात. त्याचाही असा हिशोब आहे का?

गर्भाग्नी

आहे, आणि तो त्या वाक्याच्या बाजूने झुकत नाही. सोन्यासाठी अणुकेंद्रकावर न्यूट्रॉनांचा प्रचंड मारा व्हावा लागतो, आणि नेहमीच्या सुपरनोव्हाच्या अलीकडच्या प्रतिरूपांत तेवढे मोकळे न्यूट्रॉन मिळतच नाहीत. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत विलीन होतानाच्या गुरुत्वीय लहरी पकडल्या गेल्या. एनजीसी ४९९३ ही ती दीर्घिका, सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवर. नंतर दिसलेल्या उजेडावरून बाहेर फेकलेलं द्रव्य सुमारे ०.०५ सूर्य निघालं, आणि पुढे २०१९ मध्ये त्याच वर्णपटात स्ट्राँशियमची खूण पटली. त्यामुळे सोन्याचं मोठं श्रेय आज विलीन होणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांकडे जातं. काही विरळ, वेगाने फिरणाऱ्या आणि चुंबकीय स्फोटांचा वाटा असू शकतो, त्यावर वाद चालू आहे. सुपरनोव्हाचं नाव घ्यायचं तर ऑक्सिजन, सिलिकॉन, कॅल्शियम, लोह यांच्यासाठी नि:शंकपणे घ्या.

अशनी

उशिरा आले, पण एक साक्षीदार राहून गेलाय: टायटॅनियम-४४.

त्याचा अर्धायू सुमारे ६० वर्षं. निकेल आणि कोबाल्ट विझल्यावरही ते तेवत राहतं. आणि ते बनतं अगदी छेदाच्या कडेला, जिथे द्रव्य इतकं तप्त आणि विरळ असतं की हेलियमची केंद्रकं पुरती जुळण्याआधीच सगळं थंड होतं. म्हणजे गर्भाग्नी यांचा छेद जिथे आहे, तिथलीच ही बातमी.

कॅसिओपिया-अ हा सुपरनोव्हाचा अवशेष ११,००० प्रकाशवर्षांवर आहे, स्फोट होऊन साडेतीनशे वर्षांच्या आसपास झालेला. नूस्टार दुर्बिणीने ६८ आणि ७८ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या रेषांमधून त्यातल्या टायटॅनियमचा नकाशाच काढला, तो २०१४ मध्ये आला. पुढच्याच वर्षी १९८७अ मधलं टायटॅनियम मोजलं: सुमारे ०.०००१५ सूर्य, म्हणजे ५० पृथ्व्या. कॅसिओपिया-अ मध्येही जवळपास तेवढंच. गोल सममित प्रतिरूपं यापेक्षा कमी सांगत होती. आणि कॅसिओपियाच्या नकाशात टायटॅनियम गोलाकार पसरलेलं नव्हतं, गाठी-गाठींनी एकीकडे होतं. क्ष-किरणांत दिसणारं लोह भलतीकडेच. तो नकाशा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा बराच वेळ बघत बसले होते. स्फोट वाकडातिकडा होतो हे वाचणं वेगळं आणि त्याच्या राखेत ते पाहणं वेगळं.

आणि मृगशीर्ष, राख कुणाच्या हाती आलेली नाही असं तुम्ही लिहिलंत. १९८७अ ची नाही, खरंच. पण दुसऱ्या सुपरनोव्हांची आली आहे. २८ सप्टेंबर १९६९ रोजी ऑस्ट्रेलियात मर्चिसन गावी पडलेल्या अशनीत सिलिकॉन कार्बाइडचे कण सापडतात, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे, सूर्यमालेहून जुने. त्यातल्या एका जातीत कॅल्शियम-४४ नेहमीच्या प्रमाणाबाहेर जास्त असतं. हे कॅल्शियम एकेकाळी टायटॅनियम-४४ होतं, आणि कण घट्ट झाल्यावर त्याच्या पोटातच त्याचा क्षय झाला. क्षयाला अर्धायू ६० वर्षं, म्हणजे कण स्फोटानंतर थोडक्या वर्षांतच थिजला असणार. प्रयोगशाळेत चिमट्याने उचलता येणारी ही सुपरनोव्हाची राख आहे.

मृगशीर्ष

अशनी, हे मला माहीत नव्हतं. माझं ते वाक्य मागे घेतो, आनंदाने.

ध्रुवमत्स्य

एका ताऱ्याचं झालं, मी अख्ख्या आकाशगंगेचं लोह जुळतं का पाहिलं.

आकाशगंगेत शतकाला साधारण २ सुपरनोव्हा होतात. याला एक स्वतंत्र आधार आहे. अ‍ॅल्युमिनियम-२६ ची १,८०९ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टची रेषा आकाशगंगेभर पसरलेली दिसते. इंटिग्रलच्या मोजणीतून २००६ मध्ये असं एकूण सुमारे २.८ सूर्य अ‍ॅल्युमिनियम निघालं, आणि त्यावरून गाभा कोसळण्याचा दर शतकाला १.९, अधिक-उणे १.१.

१०० स्फोट घेऊ. त्यातले २५ श्वेत बटूंचे धरले, प्रत्येकी ०.६, एकूण १५ सूर्य लोह. उरलेले ७५ गाभा कोसळण्याचे. सरासरीला मी ०.०७ नाही, ०.०५ धरलं. कारण सॅल्पीटर यांच्या १९५५ च्या नियमाने १० सूर्यांचे तारे २० सूर्यांच्या ताऱ्यांच्या पाचपट जन्मतात, आणि ८ ते ४० सूर्यांच्या मर्यादेत निम्मे तारे साधारण १२ सूर्यांच्या आतलेच असतात. लहान तारे निकेल कमी देतात. ७५ × ०.०५ = पावणेचार. एकूण १०० स्फोटांमागे पावणेएकोणीस सूर्य.

१,००० कोटी वर्षांत २० कोटी स्फोट. म्हणजे पावणेचार कोटी सूर्य लोह.

आता प्रत्यक्ष साठा. ताऱ्यांचं एकूण वस्तुमान ५,००० कोटी सूर्य धरलं आणि सूर्यासारखं ०.१३ टक्के लोह धरलं तर साडेसहा कोटी. माझ्या हिशोबापेक्षा पावणेदोन पट. तरुण आकाशगंगेत तारे आजच्यापेक्षा भराभर जन्मत होते, तेव्हा स्फोटांचा दर जास्त होता, ते मी धरलेलं नाही. दूरवरून निघालेलं गणित इतकं जवळ आलं, याचं मला अजून नवल वाटतंय.

पाहा, लोहाचा मोठा वाटा श्वेत बटूंचा निघतो, ऑक्सिजन मात्र मोठ्या ताऱ्यांचा. मोठे तारे काही दशलक्ष वर्षांत फुटतात, श्वेत बटूंना पुष्कळदा कित्येक कोटी ते अब्जावधी वर्षं लागतात. म्हणूनच जुन्या ताऱ्यांत लोहाच्या मानाने ऑक्सिजन आणि मॅग्नेशियम जास्त सापडतं.

गर्भाग्नी

हिशोब आवडला. फक्त एक भर: ८ ते ४० मधला प्रत्येक तारा फुटतोच असं नाही, काही गुपचूप कृष्णविवर होतात. कुठले, ते नीट ठरलेलं नाही, आणि ऑक्सिजनच्या बेरजेला त्याचा चांगलाच हिसका बसतो. दुसरी अनिश्चितता कार्बन-१२ मध्ये हेलियम मिसळून ऑक्सिजन-१६ होण्याच्या वेगाची. ताऱ्यात ज्या कमी ऊर्जेला हे घडतं तिथे ते प्रयोगशाळेत थेट मोजता येत नाही. विल्यम फाउलर यांना १९८३ चं नोबेल मिळालं ते अशाच अणुकेंद्रकीय अभिक्रियांच्या कामासाठी, आणि ही एक अभिक्रिया अजूनही छळते आहे.

संख्यारेषा

आज सगळं पुन्हा केलं. १११ घेऊन ०.०७१ आलं. उतारही तपासला: e^(−१००/१११) म्हणजे ०.४०६, प्रतीत ०.९८. जुळलं!

मग पुढे गेलो. कोबाल्ट-५७ चा अर्धायू २७२ दिवस, सरासरी आयुष्य ३९२. एका अणूमागे ऊर्जा फारच कमी, सुमारे ०.१४ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट. ५६ च्या तुलनेत ५७ ची संख्या सूर्यातल्या लोह-५७ आणि लोह-५६ च्या प्रमाणाच्या दीडपट, म्हणजे ०.०३५ धरली. दोघांचा उजेड सारखा कधी होतो? मला साधारण १,२०० वा दिवस मिळतोय. बरोबर आहे का?

गर्भाग्नी

बरोबर. ५६ चे गॅमा किरण जास्त गळतात, त्यामुळे प्रत्यक्षात तो दिवस अलीकडे सरकतो. आणि तुम्ही धरलेल्या दीडपटीला इतिहास आहे. उशिराच्या प्रकाशवक्रावरून आधी कोबाल्ट-५७ चं प्रमाण सूर्यातल्या प्रमाणाच्या ४ ते ५ पट निघत होतं. अवकाशातल्या कॉम्प्टन वेधशाळेने १२२ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टची रेषा थेट मोजली तेव्हा दीडपटच निघालं. गॅमाची मोजणी बरोबर होती. चूक एका गृहीतकात होती: किरणोत्साराची ऊर्जा मिळताच तिचा उजेड होतो, असं धरलेलं. तितक्या विरळ वायूत आयन आणि इलेक्ट्रॉन पुन्हा जुळायलाच शेकडो दिवस लागतात, म्हणून आधी साठवलेली ऊर्जा उशिरा बाहेर येते आणि कोबाल्ट जास्त असल्याचा भास होतो. १९९३ मध्ये ते उलगडलं.

संख्यारेषा

म्हणजे मृगशीर्ष यांची सरळ रेघ ८०० व्या दिवसानंतर वापरायची नाही. लॉग कागदावर तिथे पेन्सिलने खूण करून ठेवली.